मांडीवरची जागा

“मान हालवू नोको. भांग वाकडा होते अन् मंग शाळेतल्या पोट्ट्या हासतात,” गोजराबाई म्हणाली आणि नातीच्या केसांवरून तेलाचा हात पुन्हा एकदा फिरवला.

“हासू दे,” मनकर्णा म्हणाली.

“पाय वं, पाय! अजून उंबऱ्याच्या बाहीर गेली नाई, अन् बोलनं पाय तिचं!”

हे सुनेला ऐकवायचं होतं. सून, चतुराबाई, चुलीपुढे बसून शेवटची भाकरी शेकत होती. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाचा पहिला भोंगा होऊन गेला होता. कापसाचा हंगाम सुरू झाल्यामुळे तिचा नवरा रामकिसन, जिनातला फिटर, दाराशी उभ्याउभ्याच चहा घशाखाली ओतत होता. दिवाळीची सुट्टी संपून मंगरूळपीरची मुलींची शाळा आज उघडणार होती, आणि तिथल्या बालवर्गात आज मनकर्णाचा पहिला दिवस होता. तिला चौथं सरून पाचवं नुकतं लागलं होतं.

“मी म्हनतो, इतकी घाई कायले?” गोजराबाईने वेणीचा पेड आवळला. “ज्यायच्या घरी राखाले कोनी नाई ते टाकतात लेकरं शाळेत. आपल्या घरी बुढी बसेल हाय ना. हातपाय धड हाय माहे.”

“राखाले नाई नेत मी तिले, आत्याबाई. शिकाले नेतो.”

“एवढुशी पोर काय शिकन? तूच त सांगतं, तथी सारा दिवस लेकरं रडतात अन् तू त्यायचे नाकं पुसतं. त्याचाच पगार देते सरकार तुले.”

“माय, जाऊ दे ना आता,” रामकिसन म्हणाला. हे बोलणं चतुराबाईने इतक्या वेळा ऐकलं होतं, की तव्यावरच्या भाकरीइतकंही तिचं लक्ष तिकडे जात नसे. तिने भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि येऊन पोरीसमोर उकिडवी बसली.

“मने, एक ध्यानात ठेव. शाळेत मले माय नाई म्हनाचं. बाई म्हनाचं.”

“काहून?”

“तथी मी सगळ्या लेकरायची बाई हाय.”

“मंग माही माय कोठी राहीन?”

“घरी.”

मनकर्णाने घरभर नजर फिरवली. “पन तू त घरी नाई राहत,” ती म्हणाली.

रामकिसन मोठ्याने हसला. चतुराबाईही हसली, पण ते हसू कुठेतरी टोचूनच ओठांवर आलं.

मायलेकी बाहेर पडल्या. दर्ग्याच्या बाजूने पेठेत जाणारा रस्ता कापसाच्या गाड्यांनी गजबजला होता. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत होत्या, गाड्यांवरून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून बसला होता. मनकर्णाने नवी पाटी छातीशी धरली होती आणि ती आईच्या दोन पावलं पुढे चालत होती. बोट धरायला तिने नकार दिला होता.

याच रस्त्याने चतुराबाई शाळेत पहिल्यांदा गेली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

ती किन्हीराजाच्या कुणब्याची लेक. लग्न होऊन दोन उन्हाळे गेले नाहीत तोच पहिला नवरा पटकीने गेला. भाऊ जानराव याने तिला मंगरूळपीरला आणलं आणि मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, ललिताबाई, यांच्याकडे स्वयंपाकाला ठेवलं. ललिताबाईंचं बिऱ्हाड शाळेच्या मागेच होतं. पाणी भरता भरता ही पोर घागर कमरेवर घेऊन वर्गाच्या खिडकीपाशी थबकायची. एक दिवस आतून आवाज आला, “अगं, खिडकीतून बघून मान दुखेल. घागर ठेव आणि आत येऊन बस.”

ती आत जाऊन बसली. सगळ्यांच्या मागे, गुडघे हनुवटीशी घेऊन. लहान पोरींना आधी वाटलं, नव्या बाई आल्या. त्यांनी उठून नमस्कार केला. मग कळलं की हिला अजून ‘अ’सुद्धा येत नाही, आणि वर्गात अशी खसखस पिकली की चतुरा पदराआड तोंड लपवून रडली. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. बोटांना चुलीचे चटके, दळणाचे घट्टे. त्या बोटांत पेन्सिल धरता येईना. शेजारच्या एका शेंबड्या पोरीने तिची बोटं एकेक करून पेन्सिलीवर बसवून दिली. पुढे ती चौथी पास झाली, अमरावतीला जाऊन ट्रेनिंग करून आली, आणि ज्या वर्गात ती गुडघे दुमडून बसली होती, त्याच वर्गाची बाई झाली. शाळेच्या विहिरीचा रहाट दुरुस्त करायला आलेल्या रामकिसनने तिला मागणी घातली, पाट लागला. मास्तरीण सून घरात आली म्हणून गोजराबाई एक अख्खा हंगाम लेकाशी बोलली नव्हती. मनकर्णा झाली तेव्हा कुठे म्हातारीचा राग निवळला. तरी शाळेच्या फाटकात तिने आजवर पाय ठेवला नव्हता.

पुढे चालणाऱ्या त्या दोन घट्ट वेण्यांकडे पाहताना चतुराबाईच्या मनात आलं, हिला कुणी हसणार नाही. हिची बोटं अजून कोवळी आहेत. आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

शाळेच्या फाटकाशी दरवर्षीचाच देखावा होता. कापूस वेचायला निघालेल्या बाया पोरींना ओढत आणत होत्या, पोरी लुगड्याला लोंबकळत होत्या. चतुराबाई एकेकीची मूठ सोडवून पोरीला आत घेत होती आणि आईला सांगत होती, “जाय तू. वळून पाह्यलं का ते अजून रडीन.” हे सांगताना तिचा आवाज नेहमी खणखणीत असे. आज तो थोडा मऊ झाल्याचं तिचं तिलाच जाणवलं.

मनकर्णा रडली नाही. ती सरळ आत गेली, इंग्रज बादशहाच्या तसबिरीखाली तरटपट्टीवर जागा धरून बसली आणि शेजारणीला म्हणाली, “माही पाटी नवी हाय. तुही?”

चतुराबाईने हजेरी घेतली. नावांमागून नावं गेली. “मनकर्णा रामकिसन,” तिने वाचलं, आणि तिला वाटलं, आपण हे नाव पहिल्यांदाच ऐकतो आहोत. घरात ते कुणी असं पुरं घेतच नसे.

“हजर, बाई,” मनकर्णा म्हणाली. न अडखळता, न हसता.

चतुराबाईचं ऊर भरून आलं. आणि त्याच क्षणी तिला असंही वाटलं, की पोर एकदा चुकून ‘माय’ म्हणाली असती तर काही बिघडलं नसतं. तिने पुढचं नाव वाचलं.

हजेरी संपते न संपते तोच दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला लाल मुंडासं, हातात बैल हाकायची पुराणी. त्याच्या पायाला एक पोर मिठी मारून होती. हा बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा फुलसिंग. जिनात कापसाच्या गाड्या आणायचा, रामकिसनच्या ओळखीचा.

“बाई, हे गोमती. माही पोट्टी. इची माय गेली पोळ्याच्या आधी, तापानं.” तो थांबला. “रामकिसनभाऊनं म्हनलं, शाळेत नेऊन पाय. गाडीवर संग नेतो त धुळीनं खोकलते. इथी राह्यली त ठीक, नाई त मावशीकडे पुसदले धाडतो इले. मंग वर्स वर्स दिसाची नाई मले.”

“ठेवा,” चतुराबाई म्हणाली. “अन् तुमी निंगा. वळून नोका पाहू.”

तो गेला. बाप दिसेनासा होताच गोमतीने असा टाहो फोडला की शेजारच्या वर्गातली पाढ्यांची घोकणी थांबली. “याडी! याडी!” ती आईला हाक मारत होती. तिला मराठीचा शब्द कळत नव्हता. चतुराबाईने चिंचोके दिले, ते तिने भिरकावले. गूळ दिला, तो मुठीत धरून ती रडत राहिली. शेवटी चतुराबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने पोरीला मांडीवर ओढून घेतलं. गोमतीने तिच्या पदरात तोंड खुपसलं. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचे उसासे. मांडीवरून उठवायला गेलं की पुन्हा टाहो. तेव्हा चतुराबाई तशीच बसून शिकवू लागली.

“चिंचोके घ्या. जमिनीवर ‘ग’ मांडा. आधी काना, मंग—”

बोलता बोलता तिची नजर तसबिरीखाली गेली. मनकर्णा चिंचोके मांडत नव्हती. ती आईच्या मांडीकडे टक लावून पाहत होती.

मग ती उठली. तरटपट्ट्या ओलांडत, पोरींच्या बोटांवर पाय देत ती आली आणि तिने दोन्ही हातांनी गोमतीला ढकललं.

“ऊठ! माही माय हाय ते!”

गोमतीने चतुराबाईचं लुगडं आणखी घट्ट धरलं. चतुराबाईचा एक हात मोकळा होता. त्या हाताने लेकीला जवळ ओढावं, दुसऱ्या मांडीवर घ्यावं, असं तिला इतकं वाटलं की हात अर्धा पुढे गेलाही. पण वर्गातल्या सगळ्या पोरी पाहत होत्या. त्यांच्या आया वावरात होत्या. ज्यांना सकाळी तिने लुगड्यापासून सोडवलं होतं, त्या पोरी पाहत होत्या की बाई आपल्या पोरीला काय करतात.

“मनकर्णा, जाग्यावर जाऊन बस,” ती म्हणाली.

ज्या आवाजात ती इतरांना सांगे, तोच आवाज. मनकर्णाने आईकडे पाहिलं. खालचा ओठ आत ओढला आणि वळली. चतुराबाईला वाटलं, जाग्यावर गेली. कोपऱ्यातल्या दोघींचं चिंचोक्यांवरून भांडण लागलं होतं, ते तिने मिटवलं, पुढच्या दोन रांगांचे ‘ग’ बसल्या जागी तपासले. मग मान वर करून पाहिलं, तर तसबिरीखाली नुसती पाटी होती.

“मनी कोठी गेली वं?”

“बाहीर,” शेजारीण म्हणाली.

चतुराबाई गोमतीला कडेवर घेऊन उठली. विहिरीपाशी कुणी नव्हतं. तिने काठावरून आत वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ, स्थिर होतं. फाटक मात्र उघडं होतं, आणि पलीकडे गाड्यांची रांग, बैलांचे खूर, धूळ.

ललिताबाई आपल्या वर्गाच्या दाराशी आल्या. चतुराबाईचा चेहरा पाहून त्यांनी काही विचारलं नाही. “जा तू. दोन्ही वर्ग मी बघते,” त्या म्हणाल्या.

ती रस्त्यावर आली तशी तिला दर्ग्याच्या बाजूने गोजराबाई येताना दिसली. म्हातारीच्या डोक्यावर धड पदर नव्हता, एका पायात वहाण होती आणि एक पाय अनवाणी. एका हाताने तिने मनकर्णाचं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ती गाडीवानांना बाजूला सारत होती. पोर एकटी, त्या गाड्यांच्या गर्दीतून, घरापर्यंत चालत गेली होती.

चतुराबाई फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

“वा वं मास्तरीन!” गोजराबाई फाटकापासूनच सुरू झाली. “लोकाचं लेकरू कमरेवर अन् आपलं रस्त्यावर! बैलाच्या पायाखाली आली असती त? काय तोंड दाखवलं असतं माह्या रामकिसनले? म्हने शिकाले नेतो! हे शिकवतं काय तू? आपल्या पोरीले हाकलनं अन् दुसऱ्याची मांडीवर घेनं?”

पेठेतले दोघेतिघे थांबून पाहू लागले. चतुराबाईने सगळं ऐकून घेतलं. खोटं त्यात काहीच नव्हतं. गोमती पुन्हा मुसमुसू लागली होती, तिने चतुराबाईच्या मानेभोवती हात आवळले आणि हळूच म्हणाली, “याडी.”

“काय म्हनते ते?” गोजराबाईने दरडावलं.

“माय म्हनते, आत्याबाई. तिले माय नाई. पोळ्याच्या आधी गेली.” चतुराबाईचा आवाज आता कुठे फाटला. “आज नाई राह्यली शाळेत, त तिचा बाप तिले दूर धाडून देईन. मी काय करू? माह्याजवळ एकच मांडी हाय.”

गोजराबाईने त्या पोरीकडे नीट पाहिलं. विंचरले नसल्याने जटा झालेले केस, झग्याला आरशांच्या दोन-तीन उरलेल्या टिकल्या, नाक वाहणारं. म्हातारीने पदराचं टोक पुढे केलं आणि ते नाक पुसलं.

“केसं पाय केवढे गुतले पोरीचे,” ती म्हणाली. मग अनवाणी पायाने तिने शाळेचं फाटक ओलांडलं. “चाल, कोठी हाय तुहा वर्ग?”

वर्गात येऊन ती मागच्या भिंतीला टेकून बसली आणि मांडी ठोकत म्हणाली, “आन इकडे.” गोमती यायला तयार नव्हती. म्हातारीने ओढाताण केली नाही. तिने नुसता हात पुढे करून एक जट बोटांत धरली आणि हळूहळू सोडवू लागली. एक सुटली, दुसरी धरली. चतुराबाई जवळच बसून राहिली. तिसऱ्या-चौथ्या जटेला पोरीची मान म्हाताऱ्या हातांकडे कलली आणि थोड्या वेळाने ती आपली आपणच सरकत त्या मांडीवर गेली.

मनकर्णा दाराशी उभी राहून हे पाहत होती. आता आजीचीही मांडी गेली होती. चतुराबाईने तिच्याकडे पाहिलं. तिने बोलावलं नाही, रागावली नाही. आत यायचं की घरी जायचं, हे त्या पोरीला ठरवू दिलं. एवढं धाडस तिने आयुष्यात क्वचितच केलं असेल.

मनकर्णा आत आली. आजीजवळून पुढे गेली, आपल्या जाग्यावर बसली आणि चिंचोके ओढून घेतले.

चतुराबाई उठली. मांडी मोकळी झाली, हात मोकळे झाले, आणि मग तिने वर्ग घेतला. ती पोरींच्या रांगांमधून फिरली, वाकली, कुणाची बोटं धरून फिरवली, कुणाच्या पाठीवर थाप दिली. ‘गाय’ म्हणता म्हणता हंबरून दाखवलं, तशी सगळी पोरं हंबरली आणि गोमतीनेही म्हातारीच्या मांडीवरून मान वर केली. तिच्या तांड्यावरही गाई होत्याच. ती बारीक आवाजात हंबरली. वर्ग हसला, आणि पोर पहिल्यांदा हसली.

मनकर्णाचा ‘ग’ उलटा झाला होता. चतुराबाई तिच्यापाशी आली, म्हणाली, “उलटा झाला,” आणि पुढे गेली. इतरांना ती असंच सांगे. मागे चिंचोके सरकल्याचा आवाज झाला. रांग संपवून ती परतली तेव्हा ‘ग’ सुलटा होता, आणि मनकर्णा शेजारणीला सांगत होती, “असं नाई. काना इकडे घे.” चतुराबाईने तोंड फिरवून फळा पुसला. तो आधीच कोरा होता.

भिंतीशी बसलेल्या गोजराबाईने गोमतीची एक वेणी घातली होती, दुसरी अर्धी होती. हात चालत होते, पण डोळे सुनेवर होते. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई तिने पाहिली नव्हती. घरात खालमानेने भाकरी थापणारी सून इथे एक बोट वर करत होती आणि वर्गभर पोरी श्वास रोखून गप्प होत होत्या.

दुपार कलताना फाटकातून मोठ्याने हाक आली. “गोमती! ए गोमती!” फुलसिंगला राहवलं नव्हतं, एक खेप टाकून तो दुसरीच्या अर्ध्या वाटेवरूनच परत आला होता. तो धावतच दाराशी आला आणि बोलायला त्याने तोंड उघडलं.

गोजराबाईने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल, बापू,” ती म्हणाली. “बाई शिकवून राह्यल्या.”

चतुराबाईची दाराकडे पाठ होती. हातातला खडू फळ्यावर टेकलेला तसाच थांबला. क्षणभराने तो पुढे सरकला आणि अक्षर पूर्ण झालं.

फुलसिंग दारातच खाली बसला. दोन वेण्यांतली आपली पोर त्याने ओळखली नव्हती. ओळखली तेव्हा मुंडाशाच्या टोकाने त्याने डोळे पुसले. “उद्या आनू काय?” त्याने हळू आवाजात म्हातारीला विचारलं.

“आनजो,” गोजराबाई म्हणाली. “मी येतो उद्या. दोन-चार दिवस येतो, मंग राहीन ते आपली आपन.”

शाळा सुटली. पोरी पांगल्या. चतुराबाईने तरटपट्ट्या गुंडाळल्या, दार लावलं. बाहेर ओट्यावर मनकर्णा पाटीवर डोकं ठेवून झोपून गेली होती. चतुराबाईने तिला उचलून खांद्यावर घेतलं. झोपेतच पोरीने आईच्या गळ्यात हात टाकला.

तिघी पेठेतून निघाल्या. रस्त्यावर गाड्या तशाच होत्या. एका गाडीवानाने बैल आवरून वाट दिली. मनकर्णा झोपेने जड झाली होती, आणि दिवसभराच्या उठबशीने चतुराबाईचा खांदा भरून आला होता. गोजराबाईच्या ते ध्यानात आलं.

“आन, मी घेतो,” ती म्हणाली. “थकली असशीन.”

“राहू द्या, आत्याबाई.”

म्हातारीने पुन्हा विचारलं नाही. ती सुनेच्या डाव्या बाजूला, उन्हाच्या अंगाला झाली, आणि पदर पसरून झोपलेल्या पोरीच्या तोंडावर तिने सावली धरली. तशीच, एका पायात वहाण घालून, ती घरापर्यंत चालत आली.